डॉटफाइल्स गिटमध्ये: स्टो वापरून

टर्मिनल आणि एडिटर हाताला बसायला वर्षं जातात, आणि ती सगळी मेहनत होम फोल्डरमधल्या चार-पाच डॉटफाइल्समध्ये (नावाआधी टिंब असलेल्या सेटिंग्जच्या फाइल्समध्ये) असते. त्या गिटमध्ये, म्हणजे फाइलींमधल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ठेवाच. मात्र रेपोत (गिट सांभाळतो त्या फोल्डरमध्ये) जायचं ते फक्त आपण हातानं लिहिलेलं. प्रोग्रॅम स्वतः लिहितो ते, म्हणजे हिस्टरी, कॅशे, स्वॅप फाइल्स, बाहेरच राहू द्या.

मांडणीसाठी ग्नू स्टो हा छोटा प्रोग्रॅम पुरतो. होममध्ये ‘डॉटफाइल्स’ फोल्डर करून तिथे ‘गिट इनिट’ करा. आत प्रत्येक प्रोग्रॅमचा वेगळा फोल्डर, आणि त्यात फाइल होममध्ये जिथे असते त्याच वाटेवर. व्हिम एडिटरची .व्हिमआरसी जाईल ‘डॉटफाइल्स/व्हिम/.व्हिमआरसी’ इथे, निओव्हिमची इनिट.लुआ जाईल ‘डॉटफाइल्स/एनव्हिम/.कॉन्फिग/एनव्हिम/’ मध्ये. फाइल कॉपी करू नका, हलवा. मग डॉटफाइल्समधूनच ‘स्टो व्हिम’ चालवा. होममध्ये सिमलिंक, म्हणजे रेपोतल्या खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी लिंक, तयार होते. आधी ‘स्टो -एन -व्ही व्हिम’ दिलंत तर काहीही न बदलता काय होणार ते दिसतं.

सर्वांत जास्त फसायला होतं ते .कॉन्फिगपाशी. नव्या मशीनवर हा फोल्डर अजून नसेल, तर स्टो आतल्या फाइलींच्या वेगळ्या लिंक करत बसत नाही, अख्ख्या .कॉन्फिगचीच एक लिंक करतो. त्यानंतर ब्राउझरपासून फाइल मॅनेजरपर्यंत जो जो प्रोग्रॅम तिथे काही लिहील, ते थेट रेपोत येऊन पडतं, आणि ‘गिट स्टेटस’मध्ये ओळखीचं काहीच उरत नाही. म्हणून स्टोच्या आधी ‘एमकेडीआयआर -पी’नं .कॉन्फिग तयार करा, किंवा सरळ --नो-फोल्डिंग द्या.

दुसरी अडचण गुपचूप येते. फाइलीतला मजकूर बदलणाऱ्या ग्नू सेड कमांडचा -आय हा पर्याय सिमलिंकमागची फाइल बदलत नाही. लिंक काढून तिच्या जागी साधी फाइल ठेवतो. पुढचे सगळे बदल होममध्येच राहतात, रेपो जुनाच. ‘एलएस -एल’मध्ये बाण दिसला नाही की हेच झालंय असं समजा. सेडला --फॉलो-सिमलिंक्स द्यायचं.

खाजगी एसएसएच की, पासवर्ड असलेली .नेटआरसी, टोकन असलेली .एनपीएमआरसी कधीच कमिट करू नका (गिटमध्ये नोंदवू नका), रेपो प्रायव्हेट असला तरी. चुकून पुश झालंच (सर्व्हरवर गेलंच) तर पुढच्या कमिटमध्ये फाइल काढून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती शाबूत असते. आधी ते टोकन रद्द करा, इतिहास साफ करायचं नंतर बघा.

ऑफिसचा ईमेल वेगळा असतो, त्यासाठी .गिटकॉन्फिगच्या शेवटी ‘इन्क्लूड’ विभागात .गिटकॉन्फिग.लोकल या फाइलीचा पाथ द्या. ती रेपोबाहेर ठेवा. एखाद्या मशीनवर ती नसली तरी गिट तक्रार करत नाही. शेवटीच द्या, कारण नंतरची नोंद आधीच्या नोंदीवर मात करते.

नव्या मशीनवर गिट आणि स्टो टाका, रेपो क्लोन करा (उतरवून घ्या), .कॉन्फिग तयार करा, मग स्टो. उबुंटूवर नव्या युजरला .बॅशआरसी आधीच मिळालेली असते, त्यामुळे ‘स्टो बॅश’ तिथे अडतो. ती .बॅशआरसी.जुनी अशा नावानं बाजूला करा. --अडॉप्ट लावू नका: तो उबुंटूची फाइल रेपोत आणून तुमचीच पुसतो. लावलाच असेल तर कमिट न करता ‘गिट रिस्टोर’ द्या, तुमची फाइल परत येईल आणि लिंकही जागेवर राहील.