जुन्या टीसीतून निसटणारे पीसीबी कसे मोजायचे

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या शेडमध्ये किंवा चिकोडी-अथणीकडच्या साखर कारखान्यात १९९० पूर्वीचा टीसी (म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर) किंवा कपॅसिटर बँक असेल, तर तेल तपासल्याशिवाय भंगारवाल्याला हात लावू देऊ नका. पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, म्हणजे पीसीबी, या तेलाचा वापर भारतात २०१६ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२५ नंतर पूर्ण बंद आहे. पण बंदी आली म्हणून टाकीतले तेल नाहीसे होत नाही. ते गॅस्केटमधून झिरपते, उन्हात हवेत उडते, मातीत मुरते. ते किती, याचा अंदाज मालकाला स्वतः काढता येतो.

आधी यादी. प्रत्येक टीसीची नेमप्लेट पुसून वर्ष, केव्हीए (क्षमता), तेलाचे वजन आणि तेलाचे नाव उतरवून घ्या. अस्कारेल, अरोक्लोर, पायरॅनॉल, इनरटीन, क्लोफेन, पायरालीन यांपैकी नाव दिसले तर ते पीसीबीच समजा. कपॅसिटर सीलबंद असतो, नमुना काढायचा तर तो फोडावा लागतो. तो फोडू नका. वर्ष जुने आणि तेलाचे नाव अस्पष्ट असेल, तर पीसीबी धरूनच नोंदवा.

नमुना घेताना टीसी बंद हवा आणि वीज कंपनी हेस्कॉमचा लाइन क्लिअर (लाइन बंद असल्याची लेखी परवानगी) हातात हवा. नायट्राइल मोजे घाला, खाली लाकडाचा भुसा पसरा. ड्रेन व्हॉल्व्हमधून आधी थोडे तेल वेगळ्या डब्यात सोडा, मग ५० मिली गडद काचेच्या बाटलीत घ्या. प्लास्टिकची बाटली नको. काही थेंब पाण्यात टाकून पाहा: अस्कारेलची घनता सुमारे १.५, त्यामुळे ते बुडते; साधे खनिज तेल ०.८८ च्या आसपास, ते तरंगते. तरंगले म्हणून निर्धास्त होऊ नका, किरकोळ भेसळ या चाचणीत कळतच नाही. त्यासाठी क्लोरीन तपासणारे किट वापरा. ते एकूण क्लोरीन मोजते. हाताचा घाम लागला तरी आकडा चढतो. किटने ५० मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या वर दाखवले तर प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीने (तेलातले घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीने) खात्री करा. बेंगळुरूची केंद्रीय विद्युत संशोधन संस्था, म्हणजे सीपीआरआय, हे काम करते. तांब्याची तार तापवून हिरवी ज्योत पाहण्याचा प्रकार इथे करू नका, पीसीबी अर्धवट जळले की फ्युरान आणि डायॉक्सिन तयार होतात.

आता हिशोब. ४०० लिटर तेलाचा टीसी धरा. खनिज तेल म्हणजे ३५२ किलो. प्रयोगशाळेने ६० मिलिग्रॅम प्रतिकिलो सांगितले तर आत साधारण २१ ग्रॅम पीसीबी. तेवढ्याच टाकीत अस्कारेल असेल तर द्रव ६०० किलो, त्यात ६० टक्के पीसीबी धरले तर ३६० किलो. फरक सतरा हजार पटींचा! म्हणून सगळ्या टीसींची सरासरी काढून टीसींच्या संख्येने गुणणे ही सर्वांत मोठी चूक. जड द्रवाचे नग आधी शोधा, त्यांचा हिशोब वेगळा ठेवा. प्रयोगशाळेचे ‘आढळले नाही’ म्हणजे शून्य नव्हे. शून्य आणि मोजमापाची किमान मर्यादा, असे दोन्ही आकडे लिहा.

वर्षाची गळती टॉप-अपच्या, म्हणजे कमी झालेले तेल भरल्याच्या, नोंदीतून मिळते. वरच्याच खनिज तेलाच्या टीसीत वर्षाला १० लिटर भरावे लागत असेल, तर ८.८ किलो × ६० म्हणजे ५२८ मिलिग्रॅम बाहेर गेले. दर वर्षी नवे तेल पडल्याने प्रमाण उतरते, म्हणून जुन्या वर्षांना आजचा आकडा लावला तर उत्तर कमी येते. पातळी त्याच तापमानाला पाहा. दुपारी फुगलेले तेल गळती लपवते. गेलेल्यातले हवेत किती, मातीत किती, हे डागावरून पाहा. दोन चौरस मीटर डाग, १० सेंमी खोली, मातीची घनता १,५०० किलो प्रतिघनमीटर, म्हणजे ३०० किलो माती. तिच्यात १० मिलिग्रॅम प्रतिकिलो सापडले तर ३ ग्रॅम. खानापूरकडच्या पावसात डाग लवकर पसरतो, तेव्हा नमुने मे महिन्यातच घ्या, आणि नाल्याच्या बाजूचेही घ्या.

टॉप-अपच्या वहीत न दिसणारी वाट म्हणजे काढलेले तेल. दुरुस्तीच्या वेळी निघालेले बॅरल कुठे गेले ते लिहा: वेल्डिंग सेटमध्ये, भट्टीत, वाळवीसाठी लाकडाला, की गुडघ्याला चोळायला. हे सगळे उत्सर्जनच आहे आणि बहुधा गळतीहून मोठे. सामायिक फिल्टर मशीनही तपासा. एका अस्कारेल टीसीनंतर तेच मशीन, तोच होज दुसऱ्याला लावला की स्वच्छ टीसीही बाधित होतो. म्हणूनच वर्ष नवे असले तरी दुरुस्ती झालेला टीसी यादीतून वगळू नका.

अस्कारेल काढून खनिज तेल भरलेल्या टीसीचा पहिला अहवाल धरू नका. गुंडाळीच्या कागदात आणि लाकडी पॅकिंगमध्ये मुरलेले पीसीबी हळूहळू परत तेलात उतरते. किमान ९० दिवस लोडवर चालवून पुन्हा नमुना घ्या आणि हिशोबात तोच आकडा लावा.