सस्टेनेबिलिटीत काम करायचंय? आधी मीटर वाचायला शिका

बेळगावात राहून सस्टेनेबिलिटीचं, म्हणजे कारखान्याचा पर्यावरणावरचा भार मोजून कमी करायचं, काम मिळतं का असं कॉलेजातली पोरं विचारतात म्हणून लिहितोय. मिळतं, पण त्या नावानं मिळत नाही. मी मच्छेला एका कारखान्यात मेंटेनन्स ट्रेनी म्हणून लागलो, तिथं सर्किट बोर्डवर पार्ट ठेवून ओव्हनमध्ये सोल्डर वितळवून जोडतात, आणि एक दिवस कस्टमरची प्रश्नावली आली की तुमचं कार्बन किती, म्हणजे तुमच्या कामामुळं हवेत किती कार्बन डायऑक्साइड जातो, साहेबांनी ती माझ्याकडं दिली कारण मला एक्सेल येत होतं. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि समाजाबद्दलच्या जबाबदारीचा दरवर्षीचा रिपोर्ट, सक्तीचा केलाय, त्यामुळं मोठ्यांचे प्रश्न आता आपल्यासारख्या छोट्या सप्लायरपर्यंत पोचतात.

पहिल्याच महिन्यात चुकलो. हेस्कॉमच्या, म्हणजे आमच्या वीज कंपनीच्या, मीटरवरचे दोन आकडे वजा केले आणि तेच युनिट म्हणून लिहिले, एचटी म्हणजे हाय टेन्शनच्या मीटरचा आकडा बिलावरच्या मल्टिप्लाइंग फॅक्टरनं गुणला की मगच खरे युनिट मिळतात हे माहीतच नव्हतं. इलेक्ट्रिशियन मामांनी पकडलं, "एवढ्यात एक ओव्हन बी चालणार नाही की रे." तेव्हापासून कुठलाही आकडा त्यांना दाखवल्याशिवाय पुढं पाठवत नाही.

हिशोब तसा सोपाय, कार्बन कुठनं येतो त्यावरनं त्याचे स्कोप नावाचे तीन गट करतात. जनरेटरचं डिझेल स्कोप १, लिटरला साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. वीज स्कोप २, युनिटला ०.७ किलोच्या आसपास. विकत आणलेले पार्ट, ट्रकचं भाडं, आपला माल पुढं वापरताना जाणारी वीज हे स्कोप ३, आणि आमच्या धंद्यात खरा डोंगर तोच, पण पहिल्या वर्षी त्याच्या मागं लागू नका.

मला सगळ्यात जास्त शिकवलं सोल्डरनं. जुनं कथील-शिशाचं १८३ अंश सेल्सिअसला वितळायचं, बिनशिशाचं २१७ च्या पुढं. शिसं गेलं हे चांगलंच झालं, कामगारांसाठी तर फारच, पण ओव्हन जास्त तापवायला लागतो म्हणजे वीज जास्त. मग करायचं काय तर ओव्हन रिकामा तापत ठेवायचा नाही, एका प्रोफाइलचे, म्हणजे ओव्हनला सारखंच तापमान लागणारे, बोर्ड लागोपाठ घ्यायचे. ओव्हन चहाच्या सुट्टीत आणि पार्टची वाट बघताना पण चालूच असतो हे मला लाईनवरच्या बैलहोंगलच्या एका अक्कांनी कन्नडात सांगितलं, कुठल्या रिपोर्टात नव्हतं. म्हणून कन्नड शिकाच, खानापूरची माणसं मराठीत बोलतील पण निम्मी माहिती कन्नडात असते.

कचऱ्याचं पण बघा. सोल्डरचा मळ घातक कचऱ्यात येतो, ९० दिवसांच्या वर ठेवता येत नाही. भंगारवाला रोख देतो हे खरं, पण खराब बोर्ड उघड्यावर जाळून तांबं काढतात तो धूर कुणाच्या तरी पोराच्या छातीत जातो, त्यामुळं नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्यायचं आणि पावती जपायची, यावर मी साहेबांशी पण भांडलोय.

कोर्सला पैसे घालायच्या आधी कुठल्याही लिस्टेड इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचा बीआरएसआर उघडा, फुकट असतो, त्यातलं सहावं तत्त्व पर्यावरणाचं, ते नीट वाचा.

आणि नोकरी लागली की एका रविवारी कारखाना बंद असताना सकाळी आणि संध्याकाळी मीटर लिहून घ्या. आमचा बंद कारखाना पण वीज खात होता, शोधत गेलो तर हवा दाबून पायपात सोडणारा कंप्रेसर चालूच आणि हवेच्या पायपात बारीक बारीक गळती, नुसतं कान देऊन फिरलो तरी फुस्स ऐकू यायचं. आमच्या कंपनीच्या सस्टेनेबिलिटी स्ट्रॅटेजीतली पहिली ओळ तीच आहे, रविवारी कंप्रेसर बंद.