दारू सुटल्याची साक्ष कशी द्यावी

बायबलमध्ये मार्क ५:१९ इथे येशू बऱ्या झालेल्या माणसाला आधी घरी, आपल्या माणसांकडे पाठवतो. साक्षीची, म्हणजे ख्रिस्ताने आपल्याला कसं बदललं ते सांगण्याची, सुरुवात तिथूनच करा. ३ मिनिटं पुरेत. प्रेषितांची कृत्ये २६ मधली पौलाची मांडणी घ्या: आधी कसा होतो, ख्रिस्त कसा भेटला, मग काय बदललं. बहुतेकांची साक्ष पहिल्याच भागात, गुत्त्याच्या गमतीत अडकते. तो अर्ध्या मिनिटात उरका. शब्द साधे ठेवा. चर्चमधला ‘अभिषेक’ हा शब्द वापरला की शेजाऱ्याला शंकराची पिंड आठवते!

ऐकणारा रोज भरपूर पिणारा असेल, तर ‘प्रार्थना कर, आजच सोड’ एवढ्यावर थांबू नका. दारू एकाएकी तोडल्यास २-३ दिवसांत झटके, भ्रम येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. प्रार्थना कराच, पण त्याला आधी डॉक्टरकडे न्या.