चौकोन-गोल ट्रान्झिशनचा पत्रा कटिंगला पाठवण्याआधी

ट्रान्झिशन म्हणजे एका टोकाला चौकोन, दुसऱ्या टोकाला गोल असलेला जोडतुकडा; सपाट पत्रा कापून, वाकवून बनवायचा. युनिट, नग, फाईलचं नाव हे सांगायला नको. ड्रॉइंगमधला गोल तोंडाचा ५०० मिमी हा व्यास आतला की बाहेरचा, ते आधी गिऱ्हाइकाला विचारा. अंदाज नको, फोन करा. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं होतं.

मग मॉडेल. वर गोल, खाली चौकोन, मध्ये लॉफ्ट (दोन आकार जोडणारा पृष्ठभाग बनवणारी कमांड) मारला की संपलं असं नाही. पृष्ठभाग सरळ रेषांनी भरलाय एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक रेषेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पर्शप्रतल (पृष्ठभागाला तिथे नुसतं टेकणारं सपाट प्रतल) एकच राहायला हवं, तरच तो सपाट उलगडतो. कूलिंग टॉवरचा हायपरबोलॉइडही सरळ रेषांचाच असतो, पण तो सपाट उलगडत नाही. न ताणता नुसतं वाकवून गाउस वक्रता (एका बिंदूवरच्या दोन मुख्य दिशांच्या वक्रतांचा गुणाकार) बदलत नाही, हे गाउसने १८२७ मध्येच सिद्ध केलंय. सपाट पत्र्याची ती शून्य, म्हणून तुमच्या मॉडेलचीही सगळीकडे शून्यच हवी. वक्रतेचा रंगीत नकाशा लावून बघा, उलगडण्याआधीचं आणि नंतरचं क्षेत्रफळ ताडा. त्यापेक्षा सरळ चार सपाट त्रिकोण आणि कोपऱ्यांवर तिरक्या शंकूचे चार तुकडे असंच बांधा, कटकट मिटते.

आता जाडी. इथे घाई कराल तर प्लेट भंगारात. वाकवताना बाहेरची बाजू ताणते, आतली दबते, मधल्या रेषेची लांबी तेवढी टिकते. बाहेरून ५०० आणि प्लेट ५ मिमीची, तर मॉडेल ४९५ वर. आतून ५०० असेल तर ५०५ वर. ५०० चा परीघ १५७०.८, ४९५ चा १५५५.१. फरक १५.७ मिमी, म्हणजे पाय (π) गुणिले जाडी. ४९५ ऐवजी ५०० वर मॉडेल केलंत तर तेवढी प्लेट जोडावर एकमेकींवर चढते, आणि टॅक (तात्पुरते छोटे वेल्ड) मारायला उभा असलेला वेल्डर तुमच्याकडे बघत राहतो. चौकोनाची बाजूही मधल्या रेषेवरच मोजा. आणि व्यास आतला की बाहेरचा ते विचारलंत ना? सॉफ्टवेअर विचारणार नाही, त्याला ५०० म्हणजे ५००.

जोड सपाट त्रिकोणाच्या मध्यावर घ्या, शंकूवर नको. तुकडा दोन अर्ध्यांत करा, नाहीतर प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर) अडकतो. कागदावर एकास पाच छापून, कापून, चिकटवून बघा. बेंडच्या रेषा वेगळ्या लेयरवर, नाहीतर लेझर त्याही कापेल. डीएक्सएफ (कटिंगची ड्रॉइंग फाईल), पत्र्याचा ग्रेड, जाडी. पाठवा.