साहित्यातली पीएचडी, निकाल आणि १५ एप्रिल
अमेरिकेत इंग्रजी किंवा तौलनिक साहित्याच्या पीएचडीसाठी अर्ज केलाय? उत्तरं बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. तिथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळे ईमेल नेमका जेवताना नाहीतर मध्यरात्री येतो. त्या दिवसांत रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. खरंच ठेवा.

प्रतीक्षा यादीत नाव आलं तर तो नकार समजू नका. शिष्यवृत्तीसह मिळालेल्या प्रवेशाला होकार कळवायला तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. दोन-तीन ठिकाणी निवड झालेली मुलं अगदी शेवटच्या दिवसांत जागा सोडतात आणि यादी तेव्हा हलते. विभागाला चार ओळी लिहून कळवा की अजूनही यायची मनापासून इच्छा आहे. आणि तुमच्याच हातात दोन जागा असतील, तर नको असलेली आजच सोडा. कोणीतरी तिच्यासाठी डोळे लावून बसलंय.

सगळीकडून नकार आला, तर आठवडाभर काहीच ठरवू नका. मग अर्जासोबत पाठवलेला निबंध काढा आणि तो ज्या कादंबरीवर आहे ती न वाचलेल्या मित्राला निबंधाची पहिली दोन पानं वाचायला द्या. तुमचा मुद्दा त्याला सांगता आला नाही, तर दुरुस्ती तिथूनच सुरू करा.