डोलकाठीखालचा कुजलेला डेक कसा दुरुस्त करावा

फायबरच्या लहान होडीत डोलकाठी बहुतेक वेळा थेट डेकवर उभी असते. हा डेक भरीव नसतो. वर-खाली फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये बाल्सा (हलकं, मऊ लाकूड) किंवा प्लायवूड अशी त्याची रचना. डोलकाठीच्या बैठकीच्या बोल्टांतून आणि वायरीच्या भोकातून पाणी झिरपतं, लाकूड कुजतं आणि डोलकाठी खाली बसू लागते. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा सारख्या ढिल्या पडणं, बैठकीभोवती खोलगा आणि केसासारख्या चिरा, केबिनचं दार अडकणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी तारा आवळू नका; आवळलं की डोलकाठी आणखी खाली दाबली जाते.

रत्नागिरीकडची होडी आंबा घाटातून ट्रेलरवर कोल्हापुरात आणणार असाल तर फेब्रुवारी-मार्च उत्तम. किनाऱ्यापेक्षा इथली हवा कोरडी असते आणि वळीव सुरू व्हायच्या आत काम उरकतं.

डोलकाठी उतरवून प्लास्टिकच्या हातोडीने डेक ठोकत जा. टणक आवाज येतो तिथे लाकूड शाबूत, बद्द आवाज येतो तिथे सुटलेलं. शंका असेल तिथे 3 मिमीचं भोक पाडा, पण खालचा थर फोडू नका. काळा ओला भुसा निघाला तर ती जागा कापायची. केबिनमधल्या आधाराच्या खांबाचा तळही टोचून पाहा. तो कुजलेला असेल तर वरची दुरुस्ती टिकणार नाही.

वरच्या थराची जाडी मोजून ग्राइंडरने तेवढंच खोल कापा. कोपरे गोल ठेवा, कारण काटकोनातून चिरा सुरू होतात. निघालेला तुकडा जपून ठेवा. धूळ फार वाईट असते. मास्क आणि चष्म्याशिवाय हात लावू नका.

पटाशीने कुजकं लाकूड काढा आणि चारही बाजूंना कोरडं, कडक लाकूड लागेपर्यंत जा. मग पंखा लावून वाळवा. घाई इथेच नडते: ओल्या लाकडावर इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारं रेझिन) धरत नाही आणि आत कोंडलेली ओल पुन्हा कुजवते. ओलावामापकावर 12 टक्क्यांच्या आसपास आकडा येईपर्यंत थांबा, मग त्याला कितीही दिवस लागोत.

भरायला बाल्सा नको, इथे दाब सोसणारं लाकूड हवं. टिंबर मार्केटमधून आयएस 710 शिक्क्याचं मरीन प्लाय घ्या. गाभा, म्हणजे मधलं लाकूड, 12 मिमीचा असेल तर 6 मिमीचे दोन थर, सांधे एकावर एक येऊ न देता. आधी तुकड्यांच्या सगळ्या बाजू, विशेषतः कडा, पातळ इपॉक्सीने भिजवा. मग सिलिका पावडर मिसळून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं इपॉक्सी पसरून तुकडे बसवा. वर प्लास्टिक आणि वाळूच्या पिशव्या ठेवा. कडेने थोडं इपॉक्सी बाहेर यायला हवं, नाहीतर आत पोकळी राहिली असं समजा.

40 बाय 50 सेंमीच्या जागेला साधारण दोन किलो इपॉक्सी पुरतं. एका वेळी 200 ग्रॅमच कालवा, उथळ ताटात, सकाळी, स्लो हार्डनर वापरून. दुपारच्या उन्हात डब्यातलं मिश्रण तापून धूर सोडतं. प्रमाण वजनाचं की मापाचं, हे डब्यावर नीट वाचा. दोन्ही आकडे वेगळे असतात.

कापलेला तुकडा त्याच घट्ट इपॉक्सीत परत बसवा. कापाच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना थराच्या जाडीच्या बारा पट उतार घासा, म्हणजे 3 मिमीला 36 मिमी. त्यावर चौरस मीटरला 450 ग्रॅमच्या बायअॅक्सियल (दोन दिशांनी धागे असलेल्या) काचतंतूच्या कापडाचे सहाएक थर द्या. साधी चॉप्ड मॅट (आखूड काचतंतूंची चटई) पॉलिएस्टर रेझिनसाठी असते. इपॉक्सीत तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर नीट विरघळत नाही. सुकल्यावर वर आलेला चिकट थर पाण्याने धुऊन मगच घासा. इपॉक्सी उन्हात खराब होतं, म्हणून वर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग द्या.

बोल्टांची भोकं मात्र सरळ पाडू नका, रोगाचं मूळ तेच. 8 मिमीच्या बोल्टसाठी 14 मिमीचं भोक पाडा, ते घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा, सुकल्यावर मधोमध 8 मिमी पाडा. आता सील फाटला तरी पाणी लाकडापर्यंत पोचणार नाही. वायरीच्या भोकालाही हेच करा. भोकाच्या तोंडाला हलका उतार देऊन ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ, चिकट पट्टी) दाबा आणि बोल्ट एकदम न आवळता दोन-तीन दिवसांत थोडे थोडे आवळा.

इपॉक्सी पूर्ण पक्कं व्हायला साधारण आठवडा द्या. मगच डोलकाठी उभी करून तारांना ताण द्या आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर तो पुन्हा मोजा.