जुन्या पीसीतून पार्ट काढताय? या चुका टाळा

ऑफिसचे जुने डेस्कटॉप लॉटमध्ये स्वस्तात मिळाले की लोक लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतात. अरे बाबा, आधी चालू तरी करून बघ! बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर) रॅम किती दिसते, हार्ड डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा अहवाल, काय सांगतो हे मशीन जोडलेलं असतानाच कळतं, सुटे पार्ट हातात आल्यावर नुसता अंदाज. चालू होत नसेल तर आधी मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल बदलून बघा, तेवढ्यावरून चांगले बोर्ड भंगारात जाताना मी बघितलेत.

पण डोकं खरं फिरतं ते हीटसिंक, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा त्याच्यावरचा धातूचा ठोकळा, उपटणाऱ्यांवर. एएमडीच्या एएम२, एएम३ सॉकेटमध्ये (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) पिना प्रोसेसरला असतात आणि प्रोसेसर-हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट वर्षानुवर्षं वाळून सिमेंट झालेली असते, त्यामुळे सरळ वर ओढलं की प्रोसेसर धरून ठेवणारा लीव्हर लावलेला असूनही प्रोसेसर हीटसिंकला चिकटून बाहेर येतो. ओळखीच्या एका पोराने अ‍ॅथलॉन टू (एएमडीचा प्रोसेसर) असाच उपटला, वर घाईघाईत टेबलावर ठेवला तोही पिना खाली करून. कोपऱ्यातल्या पिना आडव्या. मग "दादा, सरळ करून द्या ना". मी मेकॅनिकल पेन्सिलमधलं शिसं काढलं, तिच्या नळीत एकेक पिन घालून सरळ करत बसलो, आणि शेवटी एक टपकन तुटली. पोरगं म्हणतं, एका पिनेने काय होतंय! ग्राउंडची असती तर चाललंही असतं, नव्हती, मशीन काही उठलं नाही.

मी काय करतो, मशीन दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवतो, पेस्ट गरम झाली की बंद करून वायर काढतो, क्लिप सोडतो आणि हीटसिंक डावी-उजवीकडे हळूहळू फिरवतो, पूर्ण सुटेपर्यंत वर उचलत नाही. मशीन मेलेलं असेल तर हेअर ड्रायर. खाली सुरी घालून उचकटणाऱ्यांना माझा नमस्कार.

इंटेलच्या ७७५ सॉकेटला पिना बोर्डावर असतात, तिथे बोर्ड ठेवताना प्लास्टिकचं कव्हर लावा, नसेल तर एखादा जुना प्रोसेसर तसाच बसवून ठेवा.

एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, उघडू नका. २३० व्होल्टचं डीसी झालं की आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट असतात, आणि प्लग काढला म्हणून ते लगेच उतरतीलच असं नाही. ब्रँडेड स्लिम डेस्कटॉपचा असेल तर त्याचा कनेक्टर बघूनच ठेवा, साध्या बोर्डाला बऱ्याचदा लागत नाही.

रॅमचं सांगायचं तर डीडीआर२ आणि डीडीआर३, दोन्हीला २४० पिना, पण खाचेची जागा वेगळी. बसत नसेल तर जोर लावू नका, लेबल वाचा.

हार्ड डिस्कचे जाड आट्याचे आणि डीव्हीडी ड्राइव्हचे बारीक आट्याचे स्क्रू एकाच डबीत टाकू नका.

आणि बोर्डातून सोनं काढायचंय म्हणून अ‍ॅसिड कुठे मिळेल असं मला कृपया विचारू नका. उरलेले बोर्ड रजिस्टर्ड ई-वेस्टवाल्याला देऊन टाका.